नगरच्या प्रार्थनामंदिरातील टाळ

सन १८३१ च्या डिसेंबरात ॲलन ग्रेव्हज, होलिस रीड आणि विल्यम हर्वी हे तीन अमेरिकन पाद्री, आणि त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ नावाचे एक ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ, अहमदनगरास येऊन राहिले, तेव्हा निजामशाहीच्या त्या जुन्या राजधानीवर इंग्रजांचा अंमल कायम होऊन जेमतेम तेरा वर्षे लोटली होती. पुढच्याच वर्षी हर्वी पटकीने गेले. १८३३ साली नगरात ख्रिस्ती मंडळीची रीतसर स्थापना झाली आणि त्याच वर्षी बाबाजीही त्याच रोगाला बळी पडले. शहरातील निराधार आणि अपंग यांच्या आश्रयगृहात ते प्रवचने करीत, आणि मंडळीच्या आरंभीच्या सभासदांपैकी काही त्याच गरिबांतून आले. म्हणजे पुढे ज्या मंडळीने मराठी ख्रिस्ती समाजाला कवी, पाळक, शिक्षक आणि संपादक दिले, तिचा पाया विद्वानांच्या वादसभेत नव्हे तर अन्नछत्राच्या दारात घातला गेला, ही गोष्ट तिचा इतिहास सांगताना सहसा विसरली जाते.

हा इतिहास बहुधा शाळा, दवाखाने आणि बाप्तिस्म्यांच्या आकड्यांवरून सांगण्याची वहिवाट आहे. मिशनची दप्तरे तशाच आकड्यांनी भरलेली असल्यामुळे अभ्यासकाला ते सोयीचे पडते, आणि मिशनच्या निंदकांनाही तेच आकडे उपयोगी पडतात. परंतु चार माणसांनी एकत्र जमून देवाची प्रार्थना करावी, हे जर कोणत्याही मंडळीच्या अस्तित्वाचे पहिले प्रयोजन असेल, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणे ते आहेच, तर नगरच्या लोकांनी कशी प्रार्थना केली, काय गायिले आणि कोणाच्या शेजारी बसून गायिले, हा प्रश्न पटावरील मुलांच्या संख्येपेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

या मिशनचे मूळ मुंबईत होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात उतरले, तेव्हा कंपनी सरकारला पाद्री नको होते. त्यांना परत पाठविण्याचे हुकूम सुटले, दोघे गुपचूप जहाजाने कोचीनपर्यंत गेले, तेथून त्यांना धरून परत आणण्यात आले, आणि गव्हर्नर सर इव्हन नेपियन यांचे मन काहीसे मऊ झाल्यामुळे, शिवाय त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनरींना वाट मोकळी केल्यामुळे, ते कसेबसे टिकले. १८१७ च्या सुमारास त्यांचा छापखाना चालू झाला. १८२६ त मराठी नवा करार छापून निघाला. आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नाशिककडील पटकीच्या साथीत हॉल प्रवासातच मरण पावले.  

नगरला आलेली ही मंडळी काँग्रिगेशनल पंथाची होती. न्यू इंग्लंडच्या त्या कडक परंपरेत वेदी नाही, मूर्ती नाही, धूप-दीप नाही, बिशपाची सत्ता नाही, आणि प्रार्थनेची छापील पोथीही नाही. चार भिंती, बसायला जागा, पवित्र शास्त्राचे वाचन, लांबलचक उपदेश, आणि डोळे मिटून उभ्या माणसाने स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना, एवढाच उपासनेचा सरंजाम. ज्या प्रदेशात देवाला स्नान घालतात, नैवेद्य दाखवतात, निजवतात आणि काकड आरतीने उठवतात, त्या प्रदेशात ही उपासना प्रथमदर्शनी अगदी रुक्ष, जवळजवळ सुतकी वाटली असली पाहिजे. तरी तिच्या पोटात एक गोष्ट अशी होती की जिचे मोल आपल्याकडील टीकाकारांनी पुरते ओळखले नाही. मंत्र पाठ नसलेल्या, संस्कृत न येणाऱ्या, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या माणसाला येथे भर सभेत उभे राहून, स्वतःच्या वाक्यांत, स्वतःच्या बोलीत देवाशी बोलण्याचा हक्क होता. नव्हे, ते त्याचे कर्तव्य मानले जाई. वेशीबाहेर राहणारा, पाटलाच्या वाड्यासमोर आवाज खाली करून बोलणारा मनुष्य रविवारी उठतो, हात जोडतो, आणि आपले आजारी लेकरू, न पडलेला पाऊस, सावकाराचे देणे आणि आपले पाप हे सारे एकाच दमात त्रैलोक्याच्या धन्यापुढे मांडतो, आणि त्याच सभेत बसलेला ब्राह्मण पाळक त्याच्या शेवटी ‘आमेन’ म्हणतो, हा प्रसंग त्या काळच्या महाराष्ट्रात साधा नव्हता. वारकऱ्यांच्या दिंडीत त्याच्या जवळचे काही आढळते, परंतु तेथेही चोखोबांच्या वंशजांना पंढरपूरच्या महाद्वाराच्या आत पाऊल टाकण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबावे लागले.

ही समता उपदेशाने आली नाही, ती प्रभुभोजनाच्या विधीने आणली. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा पेला सभेत हातोहात फिरे, आणि पेला एकच असे. १८३९ साली हरिपंत खिस्ते आणि त्यांचे बंधू नारायणराव यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नगरच्या ब्राह्मणसमाजात खळबळ उडाली. धर्ममत बदलले हे एक वेळ क्षम्य होते. महाराच्या ओठाला लागलेला पेला स्वतःच्या ओठाला लावणे क्षम्य नव्हते. मिशनरींना तडजोडीचा मोह झाला नसेल असे नाही. दक्षिणेकडील काही जुन्या मंडळ्यांतून जातवार बसण्याची मुभा दीर्घकाळ चालू होती, आणि तशी मुभा दिली तर वरच्या जातींचे लोक अधिक येतील असा हिशेब मांडता येण्याजोगा होता. नगरने तो हिशेब नाकारला. पुढे सोयरिकी जमविण्याच्या वेळी जात मागच्या दाराने आत आली, हेही खरे आहे आणि लपविण्यासारखे नाही. पण पेल्याच्या बाबतीत ती आत येऊ शकली नाही.

गाण्याच्या बाबतीत मात्र मिशनरींची पहिली पावले चुकली. हेन्री बॅलंटाइन हे मोठे कष्टाळू गृहस्थ, १८४२ त नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे पहिले संपादक, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी रूपांतरे करून ती इंग्रजी चालींवरच बसविली. शब्द मराठी, अर्थ शुद्ध, भक्ती निष्कपट, पण गाणे काही उठेना. कारण सरळ होते. इंग्रजी गीताचा पाय आघातावर चालतो, मराठी पद्याचा ऱ्हस्व-दीर्घावर आणि अक्षरांच्या लयीवर. त्यामुळे परकीय चालीत मराठी शब्द बसविला की प्रत्ययावर सूर लांबे आणि धातूचा चुराडा होई, आणि ज्या बाईने जात्यावर पहाटे शेकडो ओव्या अडखळल्याशिवाय म्हटल्या असतील तीच बाई रविवारी प्रार्थनामंदिरात चार ओळींच्या गीतापुढे मुकी होई. उपासना मातृभाषेत आणली आणि तिचा श्वास मात्र बोस्टनचाच ठेवला, असा हा प्रकार झाला.

वास्तविक मराठी मुलखात हा धडा दोन शतके आधी गिरविला गेला होता. विल्टशरमधला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला, साष्टीत आयुष्य वेचून त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले, आणि ते १६१६ त रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे काढून घेतली गेली, त्यांच्या जागी मनाला विसावा देणारे काही मिळाले नाही, ही तक्रार त्या ग्रंथाच्या आरंभी एका ब्राह्मण श्रोत्याच्या मुखी घातलेली आहे, आणि ग्रंथाच्या जन्माचे कारण तीच आहे. रविवारी व सणांच्या दिवशी देवळात ते वाचले जाई. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या छत्राखाली त्या देवळांची उभारणी झाली तिने देवालये पाडली, पोथ्या जाळल्या, आणि १६८४ मध्ये देशी भाषेलाच हद्दपार करण्याचे फर्मान काढले. त्याच सत्तेच्या सावलीत एका परदेशी माणसाने ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात ख्रिस्तचरित्र गावे, हा विरोधाभास इतिहासाने जसाच्या तसा आपल्यापुढे ठेवला आहे. परंतु गोवा कॅथलिक, नगर प्रॉटेस्टंट; मध्ये सह्याद्री आणि त्याहून दुर्लंघ्य असा पंथभेद. साष्टीची ओवी देशावर पोहोचली नाही, आणि नगरकरांना हा शोध आपला आपण पुन्हा लावावा लागला.

तो त्यांनी १८६० नंतरच्या दशकात लावला, आणि लावणारे मिशनरी नव्हते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. हिंदू कीर्तनकाराची सारी चौकट उचलून तीत पवित्र शास्त्रातील आख्याने भरावी, ही कल्पना नगरच्या मराठी ख्रिस्त्यांतून पुढे आली. कृष्णाजी रत्नाजी सांगळे हे या पद्धतीचे नामांकित कीर्तनकार आणि पदकर्ते होत. मंडळ्यांच्या वार्षिक मेळाव्यांना गावोगावची माणसे बैलगाड्यांतून आणि पायी नगरला येत, आणि रात्रीचे कीर्तन हे त्या मेळाव्याचे मोठे आकर्षण असे. बुवा उभे, हातात चिपळ्या, मागे टाळकरी आणि मृदंगी. नमनाच्या जागी ख्रिस्ताचे स्तवन. पूर्वरंगात एखादे वचन घेऊन त्याचे निरूपण. मग मध्यंतरी भजन, श्रोत्यांसकट. आणि उत्तररंगात आख्यान. भावांनी विकलेला योसेफ, गोफणवाला दावीद, घर सोडून गेलेला आणि डुकरांमागे हिंडून परत आलेला धाकटा मुलगा, ही आख्याने साकी-दिंडीत आणि ओवी-अभंगात सांगितली जाऊ लागली, तेव्हा योसेफाचा बाप मराठीत रडू लागला आणि परत आलेल्या मुलाला वेशीपाशी पाहून धावत सुटणारा म्हातारा ऐकणाऱ्याच्या गावचा झाला. ज्यांनी आयुष्यात कधी प्रार्थनामंदिराची पायरी चढली नव्हती असे लोकही कीर्तनाला येऊन बसत. त्याआधी थोडीच वर्षे, १८५७ त, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री यांचे गाजलेले वादविवाद झाले होते. त्या वादांत दोन्ही पक्षांनी आपापला जय पुकारला, आणि त्यांतून कोणाच्या अंतःकरणात काय पालटले याचा पत्ता कोणालाच लागला नाही. चिपळ्यांनी जे साधले ते खंडनमंडनाने साधले नाही.

सर्वच मिशनरींना ही गोष्ट रुचली असेल असे समजू नये. टाळ-मृदंगाच्या मागोमाग देव्हाराही येईल, ही भीती त्या काळच्या प्यूरिटन मनाला वाटणे स्वाभाविक होते. तथापि नगरच्या मिशनने कीर्तन दडपले नाही, आपल्या कार्यात सामावून घेतले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

या मोकळीकीमागे एक कारण होते. १८५४-५५ च्या हिवाळ्यात या मिशनची चालक संस्था असलेल्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन स्वतः पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. त्यांचे मत असे की मिशन हे पाडाप्रमाणे आहे, इमारत उभी राहिली की ते काढून घ्यावयाचे. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा आणि आपल्या श्रद्धेचा प्रसार आपण करावा. त्याच सुमारास, १८५४ त, हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तत्त्व उदात्त होते. परंतु कारभार सोपविण्याच्या वेळी तिजोरीच्या किल्ल्या मात्र मिशनच्याच कमरेला राहिल्या, कारण महारवाड्यातील मंडळीपाशी तिजोरीत टाकण्याजोगे काही नव्हते. पाळक आणि गावचा मास्तर मिशनच्या पगारावर. पगार म्हटला की मुकादमी आली, मुकादमी आली की अर्ज-विनंत्या आल्या, आणि देवाच्या घरात हळूहळू कचेरीचा वास येऊ लागला.

खेड्यात तर मंडळी म्हणजे मास्तर आणि त्याची एक खोली. दिवसा तीत मुले धुळाक्षरे गिरवीत, आणि रात्री मजुरीवरून परतलेली माणसे भाकरी खाऊन त्याच खोलीत येत. दिव्याच्या उजेडात एक अध्याय वाचला जाई, दोन पदे म्हटली जात, कोणीतरी प्रार्थना करी. १८७६-७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरीस लागोपाठ आलेले दुष्काळ यांनी या खोल्यांची संख्या वाढविली, आणि भाकरीसाठी बाटले हा हिणकस शब्दही त्याबरोबर वाढला. त्यात तथ्याचा अंश आहे. उपाशी माणूस जो घास देईल त्याच्या दाराशी जाणारच. पण हा आक्षेप घेणारांनी एवढे तरी विचारात घ्यावे की दुष्काळ संपले, धान्य पिकले, आणि बहुसंख्य माणसे त्या खोलीतच राहिली. कोणत्याही गावकीने त्यांना आजवर जे दिले नव्हते असे काही त्या खोलीत त्यांना मिळत होते, आणि ते ज्वारीच्या मापाने मोजता येत नव्हते.

अशा स्थितीत नारायण वामन टिळक नगरला आले. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेला हा चित्पावन कवी, आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने दिलेला नवा करार वाचता वाचता ख्रिस्ताकडे ओढला गेला, आणि १८९५ च्या १० फेब्रुवारीस त्याने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर पाच वर्षे लागली, आणि त्या पाच वर्षांची कहाणी त्यांनी ‘स्मृतिचित्रां’त ज्या निखळपणे सांगितली आहे तिच्यापुढे मिशनचे सगळे अहवाल फिके आहेत. सांगळे प्रभृतींनी ख्रिस्ती आख्यानाला मराठी अंगरखा घातला होता. टिळकांनी प्रार्थनेलाच मराठी जीव दिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो अशा आशयाचे ते बोलत, आणि त्यांच्या अभंगांत त्याचा पुरावा पानोपानी मिळतो: ख्रिस्ताला ते माउली म्हणतात, त्याच्याशी भांडतात, रुसतात, लडिवाळपणा करतात. न्यू इंग्लंडच्या प्रार्थनेत अपराधी आणि न्यायाधीश समोरासमोर उभे असत. टिळकांच्या प्रार्थनेत लेकरू आईच्या पदराला ओढते आहे. नगरच्या जात्यावरच्या बाईला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत त्यांच्या पदांचा इतका भरणा झाला की जुनी रूपांतरे आपोआप मागे सरली.

परंतु टिळकांचे समाधान पदांवर झाले नाही. पाळक म्हणून १९०४ त दीक्षा घेतलेल्या, मिशनच्या पाठशाळेत शिकविणाऱ्या या माणसाला तो कचेरीचा वास अखेर सोसेना. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, भगवी वस्त्रे धारण केली, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत, पगारी कोणी असू नये, अशी त्यांची मांडणी होती. अँडरसन यांनी साठ वर्षांपूर्वी कागदावर जे मागितले तेच हे, फक्त एका संन्याशाने ते अंगावर घेतले. अडचण एवढीच की बाप्तिस्म्याची रेषा पुसल्यावर मंडळी म्हणजे कोण, हा प्रश्न उघडा राहतो, आणि दरबार एका माणसाच्या तेजावर उभा असल्यास त्या माणसामागे त्याचे काय, हाही. दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायला टिळकांना आयुष्य पुरले नाही. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले आणि दरबार पांगला. त्यांच्या चरित्राचे इंग्रज लेखक जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघात त्या कल्पनेचा काही अंश उतरला. टिळकांचे अकरा अध्यायांवर थांबलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी मोठ्या जिद्दीने पुढे नेले. ज्या बाईला लग्नात धड लिहिता येत नव्हते तिने नवऱ्याचे महाकाव्य तडीस न्यावे, यापेक्षा मंडळीच्या शिक्षणाचा मोठा दाखला कोणता द्यावा?

माझे मत विचाराल तर, स्वावलंबी मंडळीचा अँडरसनचा मनसुबा आणि टिळकांचा दरबार हे दोन्ही नगरला अर्धवट राहिले, आणि पूर्णत्वास गेला तो केवळ कीर्तनकारांचा उद्योग. १९७० साली नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना होऊन निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, मिशनचे नाव कागदोपत्री मागे पडले, आणि नगर जिल्ह्याचे नावही आता अहिल्यानगर झाले. पण ‘उपासना संगीत’ हा गीतसंग्रह उघडून टिळकांचे पद म्हणण्याचा शिरस्ता पंथ आणि नाव बदलल्याने मोडला नाही.

मात्र पदे छापली गेली म्हणून राहिली; कीर्तनातील निरूपण हे बुवांच्या मुखीच असे, आणि बुवा गेले की ते त्यांच्याबरोबर गेले. नगर, राहुरी, वडाळा, पारनेर, शिरूर या पट्ट्यातील ज्या घरांतून आजे-पणजे कीर्तन करीत, तेथे माळ्यावरच्या पेटीत आख्यानांच्या हस्तलिखित वह्या अजून असू शकतील. वाचकांपैकी कोणाच्या घरी तशी वही असेल, तर तिला वाळवी लागण्यापूर्वी जवळच्या एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करावी, आणि चाली ज्यांना येत असतील त्यांच्याकडून त्या म्हणवून घेऊन ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात.